सेल्फवाल्या काकांचा कान

कुणीही किल्लीला हात घातला की काका आधी डावा हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. तिला बोलू द्या." ती म्हणजे गाडी. हात वर गेला की आजूबाजूची माणसं नकळत गप्प व्हायची. शेजारचा रसवंतीवाला चरक थांबवायचा, फोनवर बोलणारं गिऱ्हाईक फोन छातीशी धरायचं. मग काका मान डोलवायचे आणि किल्ली फिरायची. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्यांना जे ऐकायचं ते ऐकून झालेलं असायचं.

पुंडलिकनगरच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटीवर नाव वगैरे काही नव्हतं, नुसतं 'सेल्फ डायनामो' एवढंच. सेल्फ म्हणजे गाडी चालू करणारी मोटर. बाकी इंजिन, ब्रेक, रंग यांतलं काहीही काका करत नसत. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "ते दुसऱ्यांचं काम हाय. आपलं काम फक्त सुरुवातीचं." अशी एकाच कामाची माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्या हातात दुसरं काही दिलं की ती अवघडतात.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या जुन्या गाडीमुळे. मी एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री करते. म्हणजे पेशंटला बंद केबिनमध्ये बसवून, कानाला हेडफोन लावून, किती ऐकू येतं ते मोजते. गाडी सेकंडहँड घेतलेली. एका गॅरेजवाल्याने तिचा सेल्फ बदलून दिला आणि तेव्हापासून किल्ली फिरवली की पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायचा. कधी इंजिन चालू व्हायचं, कधी नुसतीच घरघर. दवाखान्याच्या दारात दोन वेळा पेशंटच्या नातेवाइकांनी गाडी ढकलून दिली, तेव्हा आमच्या डॉक्टरांनीच काकांचा पत्ता सांगितला.

काकांनी हात वर केला, ऐकलं आणि विचारलं, "जुना सेल्फ कुठंय?"

"डिकीत असेल."

त्यांनी नवा सेल्फ खोलून काढला, डिकीतला जुना त्याच्या शेजारी ठेवला आणि मला बोलावलं. सेल्फच्या टोकाला लिंबाएवढं एक दातेरी चाक असतं. "मोजा ताई."

मी मोजले. जुन्याला नऊ दाते होते, नव्याला आठ.

"झालं मग. चुकीचा बसवलाय. ह्ये चाक पुढं सरकून फ्लायव्हीलच्या, म्हंजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत बसाया पायजे. आठाचं चाक तिथं कसं बसंल? ते नुस्तं घासतंय बिचारं."

काकांनी जुनाच सेल्फ दुरुस्त करून बसवला. मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं, पण हे कळलं. काकांचं हेच वैशिष्ट्य होतं. ते गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू द्यायचे आणि त्यालाच मोजायला लावायचे. प्राध्यापक असो की रिक्षावाला, प्रत्येकाला दाते मोजावे लागत.

किल्ली धरून ठेवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. एक बँकेतले साहेब इंजिन चालू झालं तरी किल्ली सोडायचे नाहीत. काका त्यांना म्हणाले, "साहेब, माणूस जागा झाल्यावर पन तुम्ही त्याला हलवत बसता का?" साहेब चिडले, पण पुढच्या वेळी आले तेव्हा किल्लीला विस्तवाला लावावा तसा हात लावत होते. काका माझ्याकडे बघून डोळे मिटून हसले.

दोनेक वर्षांनी माझ्या गाडीला पुन्हा तोच त्रास सुरू झाला. सेल्फ बरोबर होता, पण आधीच्या चुकीच्या चाकाने फ्लायव्हीलचेच दाते खाल्ले होते. काकांनी खाली वाकून, पान्ह्याने इंजिन हळूहळू फिरवत एकेका दात्यावर खडूने खुणा केल्या. मोठ्या चाकाचे बहुतेक दाते धड होते. झिजलेले दाते दोनच ठिकाणी होते, समोरासमोर.

"इंजिन रोज त्याच त्याच जागी थांबतंय," ते म्हणाले. "मग रोज तेच दाते मार खातात. बाकीचे मजेत." मग थोडं थांबून, "घरात बी असंच असतंय म्हना."

गिअरबॉक्स दुसऱ्या मिस्त्रीने उतरवला, फ्लायव्हीलवरची दातेरी रिंग बदलली, आणि सेल्फ बसवायला गाडी काकांकडे आली. चार दिवसांनी मी घ्यायला गेले. काकांनी हात वर केला. मी किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली, पण सेल्फचं चाक सुटताना एक बारीक किरकिर झाली. दाताखाली खडा यावा तशी. मी काकांकडे पाहिलं.

ते समाधानाने हसत होते. "बघा. लोणी."

मी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा तीच किरकिर. रसवंतीवाल्यानेसुद्धा वळून पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली. त्याच्या त्या नजर खाली घालण्यावरून मला कळलं की हे त्याला नवीन नव्हतं.

माझं अर्धं आयुष्य कमी ऐकू येणाऱ्या माणसांत गेलंय. ते कसे हसतात, कुठे मान डोलवतात, कुठला प्रश्न टाळतात, हे मला पाठ आहे. तरी या माणसाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण शेडमध्ये ते नीट बोलायचे. ट्रकचा आवाज असो, चरकाचा असो, त्यात त्यांना माझं सगळं ऐकू यायचं. मी काही न बोलता गाडी घेऊन घरी आले. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. रोज अनोळखी माणसांना "तुम्हाला कमी ऐकू येतंय" असं मी सहज सांगते, आणि ओळखीच्या माणसाला सांगायची वेळ आली तर जीभ उचलेना.

त्याच आठवड्यात काकू भेटल्या, भाजी घेताना. काकांचा डबा घेऊन रोज शेडवर जाणाऱ्या, बारीक अंगाच्या, भराभर बोलणाऱ्या काकू. मी सहज विचारावं तसं विचारलं, काका घरी कसे आहेत.

"घरी?" काकू म्हणाल्या. "घरी बोलतच नाहीत. मी एक इचारते, ते दुसरंच सांगतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की वरचे भाडेकरू खाली येतात. आन् ताई, आता म्हणतात धंदा बंद करतो, गावाला जातो. गिऱ्हाइकं तुटाया लागलीत. का तुटतात ते सांगत नाहीत."

"कानाची तपासणी केली का?"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. "नाव काढू देत नाहीत. त्यांचे वडील तसेच झाले होते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन शेडवर गेले. ठरवून गेले होते की आज बोलायचंच.

"काका, सुटताना किरकिर करते."

"कोण? ही?" त्यांचा चेहरा बदलला. "नाय करत. मी स्वतः ऐकलंय."

"करते काका."

"मारा सेल्फ."

मी किल्ली फिरवली. त्यांनी मान नाही म्हणून हलवली. मी गाडीतच बसून राहिले. तेव्हा ते जरा तडकलेच. कपाटातून हातभर लांब पेचकस काढला, त्याचं टोक सेल्फच्या अंगावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि म्हणाले, "मारा पुन्हा. आता तुमची शंकाच फेडतो."

मी किल्ली फिरवली. काका तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा म्हणाले, "बास."

ते सरळ झाले, पेचकस हातातच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही तर वरडतीय. आन् मला नाय ऐकू आलं." स्टुलावर बसले. तळहाताने तोंड पुसलं. "किती गाड्या अशा गेल्या असतील ताई? मी लोणी लोणी म्हणत सोडल्या."

मला खरं तर त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं आणि मी गाडीतून उडी मारूनच उतरले. आनंदाने.

"काका, पेचकस लावल्यावर किती ऐकू आलं?"

"सगळं. बारीकसारीक सगळं."

"दुसऱ्या कानामागे लावा."

तिथेही तसंच ऐकू आलं. मी खाली त्यांच्या समोर उकिडवी बसले आणि सांगितलं की मी दवाखान्यात हेच करते. आधी हेडफोनने आवाज देते, मग कानामागच्या हाडावर एक लहान यंत्र ठेवून देते. हाडातून नीट ऐकू आलं तर आतली नस चांगली आहे. बिघाड मधे कुठेतरी आहे, पडदा ते नस यांच्या मधल्या जागेत. आणि मधला बिघाड पुष्कळदा दुरुस्त होतो.

काकांनी पेचकस मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली हाय. दाता लागत नाय."

"व्हय काका," मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडी व्हय यायचं.

तरी ते लगेच आले नाहीत. आठ दिवस गेले. मी शेडवर गेले की ते काही ना काही खोलून बसायचे. शेवटी एकदा त्यांनीच विषय काढला. त्यांच्या वडिलांना, आबांना, पन्नाशीतच ऐकू येईनासं झालं होतं. शेवटची बारा वर्षं ओसरीवर बसून काढली. "कुनी वाईट वागत नव्हतं ताई. पन बोलायचं म्हंजे वरडायचं. आन् वरडून मानूस किती बोलनार? पानी पायजे का, जेवला का, एवढंच. मी बी तेवढंच बोलायचो." ते एका बोल्टला उगाच फडकं मारत होते. "तुमच्या कागदावर तसंच लिहून आलं तर? आता निदान ठाऊक तरी नाय."

"आणि चांगलं लिहून आलं तर?"

ते पुन्हा बोल्टच पुसायला लागले. पण सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा धुतलेला पांढरा शर्ट घालून बाकावर बसले होते. शेजारी काकू.

केबिनमध्ये मी त्यांच्या हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. काचेतून मला ते दिसत होते. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, कपाळावर आठ्या. हेडफोनवर आवाज वाढवत वाढवत न्यावा लागला. मग हाडावरचं यंत्र लावलं, आणि त्यांचा अंगठा अगदी बारीक आवाजांवर टपाटप पडू लागला. आलेखावर दोन रेघा आल्या. एक पार खाली, एक छान वर. मी पेन खाली ठेवलं आणि केबिनचं दार उघडलं.

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा स्वच्छ होता. पुढच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं की कानात तीन इवलीशी हाडं असतात, त्यांतलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, घट्ट बसलंय, हलत नाही. या दुखण्यात माणसाला गोंगाटात उलट नीट ऐकू येतं, शांततेत कमी. ऑपरेशन करून तिथं एक पिस्टन बसवता येतो.

"काय बसवता येतो?" काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पिस्टन. त्याचं नावच पिस्टन आहे."

काकांनी तो बघायला मागितला. डॉक्टरांनी पाकिटातला नमुना दाखवला. तांदळाच्या दाण्याहून लहान. काकांनी चष्मा कपाळावर चढवून, पाकीट उजेडाला धरून तो पाहिला. "लांबी किती?"

"साडेचार मिलिमीटर. माणसागणिक थोडा फरक. मोजून बसवतो."

"मोजूनच बसवा. अंदाजानं नको."

मग डॉक्टरांनी धोकाही सांगितला. क्वचित असं होतं की ऑपरेशननंतर आहे तेही ऐकू येईनासं होतं. त्यामुळे आधी एकच कान. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी विचारलं, "आन् ह्ये मला कशानं झालं? आवाजानं?"

"बहुतेक घराण्यातून आलेलं. वडिलांना होतं म्हणालात ना?"

"म्हंजे आबाचं पन ह्येच असंल."

"असू शकेल."

काकांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "दुरुस्त व्हन्यासारखं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि काकू बाहेर बाकावर बसलो होतो. काकू जप करत होत्या आणि मधेच मला विचारत होत्या, "ताई, किती झाले?" भूल फक्त कानापुरती होती, काका आत जागे होते. तासाभराने डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्कच्या वरही त्यांचं हसू दिसत होतं. पिस्टन बसल्यावर त्यांनी काकांना अगदी हळू विचारलं होतं, नाव काय तुमचं? काका म्हणाले, "साहेब, वरडता कशाला?"

काकू रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि अर्धी एका दमात संपवली. मग उरलेली मला दिली.

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, असे काही आठवडे गेले. नंतर काकांनी पहिली गाडी घेतली ती माझी. सेल्फ उतरवला. त्याच्या बैठकीवर गंजाची एक पापडी अडकली होती, नखाएवढी. तिच्यामुळे सेल्फ केसभर तिरका बसत होता आणि चाकाचा दाता सुटताना घासत होता. काकांनी ती पापडी माझ्या तळहातावर ठेवली. "ही काय मोजायची नाय. माझीच चूक," म्हणाले. "पुसलं व्हतं मी. पन पुसून झाल्यावर ऐकायचं असतंय."

पुढचं मला आजही सांगावंसं वाटतं. शेडच्या पत्र्यावर कोळशाने आणि खडूने गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहिलेले होते, वर्षानुवर्षांचे. काका पत्र्यासमोर स्टूल टाकून बसले आणि त्यांनी एकेका नंबरावर फोन लावायला सुरुवात केली. "मी सेल्फवाला बोलतोय. गाडी घेऊन या. एकदा ऐकायचीय." विचारलं का, तर सरळ सांगायचे, "मधी मला कमी ऐकू येत होतं. तुमचं काम तवाचं हाय."

कामधंद्यातला माणूस असं सांगतो का? तुम्हीच आठवून पाहा. मी त्यांना म्हणालेही, काका, एवढं उघड कशाला. ते म्हणाले, "गाडी त्यांची खराब व्हतीय ना ताई. लाज माझी हाय, ती मी बघतो."

आठ-दहा दिवस त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. बऱ्याच ठीकच होत्या. काही उघडाव्या लागल्या. एकजण फोनवर खूप बोलला. तो पर्यटकांना अजिंठ्याला नेणारा टॅक्सीवाला होता. अजिंठ्याला पाहुणे गाडीत आणि सेल्फ लागेना, अशी त्याची फजिती झाली होती. मी येणार नाही, म्हणाला. काका हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेले. त्याने आधी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेला. काका अंगणातच गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा तो चहा घेऊन उभा होता. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, दवाखान्यात त्याच्या आईला घेऊन आला तेव्हा.

दुसऱ्या कानाचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं, तेही नीट. काका आणखी तीन वर्षं शेडवर बसले. गेल्या वर्षी त्यांनी ते बंद केलं, पण आता घाबरून नाही. गुडघे कुरकुरत होते आणि वेरूळजवळ गावाकडचं शेत भावावर एकट्यावर पडलं होतं. "फुरसतीनं जातोय," म्हणाले. त्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. नंबरांचा पत्राही नव्या रंगाखाली गेला.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या गावी गेले होते, कामासाठीच. त्यांच्या आत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, ऐंशी पार केलेल्या. काकाच त्यांना आमच्याकडे घेऊन आले होते. त्या वयात ऑपरेशन नको, म्हणून आम्ही कानाला मशीन दिलं होतं. ते नीट बसवून आवाज जुळवून द्यायला मी गेले.

आत्याबाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. मी मशीन लावलं, आवाज थोडा कमी केला, थोडा वाढवला. त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं, मग आत भांडी घासणाऱ्या काकूंकडे. तेवढ्यात काका शेतातून आले आणि सवयीप्रमाणे बाजेजवळ येऊन गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "आत्या, जेवलीस का?"

आत्याबाई दचकल्या. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "हळू बोल की. मी काय बहिरी हाय का?"

काका माझ्याकडे बघत राहिले. डोक्याचा रुमाल सोडला, बाजेच्या कडेवर आत्याबाईंजवळ टेकले आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. आत्याबाई मधूनमधून मान हलवत होत्या, एकदा हसल्या. मी चार हातांवर पिशवी आवरत होते. ते काय बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही.